पाण्याची वाट बघायची जागा

हैबतराव मास्तरांची शर्वरी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा केरू गवंडी पेंढ्याची उडवी रचत होता. रोह्यापासून कोसभर आत असलेल्या त्या गावात शर्वरी लहानाची मोठी झाली, मग मुंबईला जाऊन आर्किटेक्ट झाली. गावातली माणसं तिला अजून मास्तरांची पोरच म्हणत.

"केरूकाका, एक काम आहे. पेणच्या खारेपाटात. कराल का?"

केरू अठ्ठावन्न वर्षांचा. बायको विमलबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा हिरामण धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा, सून घर बघायची, आणि केरूला हल्ली कोणी फारसं कामाला बोलवत नव्हतं. त्याचा हात दगडात होता. लोकांना आता सिमेंटचे ठोकळे हवे होते, तेही चार दिवसांत.

"घर हाय का देऊळ?" त्यानं विचारलं.

"दोन्ही नाही," शर्वरी म्हणाली आणि उडवीला टेकून तिनं सगळं सांगितलं.

सरकारचा एक कलानिधी होता. चित्रांना, नाटकांना पैसे मिळायचे तसे त्यातून गावांनाही मिळायचे. अट एवढीच की गावानं मिळून आपल्या वापराची एखादी जागा ठरवायची, ती नीट विचार करून, देखणी अशी बांधायची, आणि बांधताना गावानं हात लावायचा. शर्वरीनं पेणच्या खाडीकाठच्या खारशेत गावासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला होता. गावच्या सभेत उपसरपंच काळुराम म्हणाले, वेशीवर कमान बांधू, वरती गावाचं नाव घालू. पुरुषांनी माना डोलावल्या. मग शर्वरीनं बायकांना विचारलं, दिवसातला सगळ्यात जास्त वेळ तुम्ही कुठे बसता? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी सगुणा नावाची एक बाई म्हणाली, "नळावर. दोन दिसांआड पाणी येतं, कवा येईल त्याचा नेम नाय. उन्हात बसायचं न् पाइपाकडं बघत राह्याचं." त्यावर बायका हसल्या, आणि त्या हसण्यातच कमान मागे पडली. नळापाशी सावलीची, बसायची जागा बांधायची ठरली.

"म्हंजे वाट बघायला जागा," केरू म्हणाला.

"हो."

केरूनं हातातला पेंढा खाली ठेवला. आयुष्यभर त्यानं गोठे बांधले, जोती बांधली, एका सावकाराची विहीर बांधली. नुसतं वाट बघायला कोणी काही बांधतं, हे त्याला नवीन होतं. चांगलंही वाटलं. "येतो," तो म्हणाला.

*

खारशेत म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधली चिंचोळी पट्टी. एका बाजूला खारं पाणी अडवणारा मातीचा लांबच लांब बांध, पलीकडे तिवरं, आणि त्यापलीकडे जुनी मिठागरं. त्यातली बरीच आता बंद पडलेली. तरणी माणसं डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे जात, म्हातारी बांधावर बसत. केरूला शाळेमागची एक खोली दिली होती. जेवणाची सोय ठमाबाईकडे लावली होती. ही सगुणेची सासू. नवरा जनू मिठागरावर मुकादम होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा ट्रकवर, सून कंपनीत शिफ्टला, त्यामुळे दिवसाचं घर ठमाबाईच्या एकटीच्या अंगावर.

पहिल्या दिवशी जेवण वाढताना ती फार बोलली नाही. तांदळाची भाकरी, सुक्या मासळीचं कालवण आणि कांदा असं पुढ्यात ठेवून ती दाराशी बसली.

"किती खोल खणणार?" तिनं विचारलं.

"कमरेएवढं. खाली दगडाची भरणी, वर जोतं. मॅडमनी नकाशा दिलाय."

"इथली माती पिते," ठमाबाई म्हणाली. "जड काय ठेवलं का पोटात घेते. पाण्याला इचारल्याबिगर इथं कोण जोतं घालत नाय."

केरू हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण होतं ते गवंड्याचं हसणं. "ठमाबाय, तीस-पस्तीस वर्सं भिंती बांधतोय मी. एक पडली नाय अजून."

"तुमची जमीन येगळी," ती म्हणाली, आणि पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. भाकरी मात्र एक जास्त वाढली.

पाया खणताना केरूच्या मनात एकदा शंका आली. दीड हातावर माती काळी, मऊ, लोण्यासारखी लागली. पहारीला विरोधच नव्हता. पण नकाशा सहीशिक्क्याचा होता, शर्वरीनं तो कोणा मोठ्या इंजिनिअरला दाखवला होता, आणि केरूला आपल्या हातावर भरवसा होता. त्यानं खाली मोठे काळे दगड बसवले, वर जोतं उचललं, ओळंबा लावला, कोपरे सुतात घेतले. महिनाभरात कमरेएवढं जोतं उभं राहिलं. पाणी भरायला येणाऱ्या बायका त्यावर हंडे टेकवून बघायच्या. काळुराम येऊन म्हणाले, बरं दिसतंय. केरूला बऱ्याच दिवसांनी आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

पौषातल्या पौर्णिमेला उधाण आलं. पाणी बांधाच्या आत आलं नाही, पण जमिनीखालून फुगलं. सकाळी केरू तोंडात राखुंडी घेऊन नळापाशी आला आणि तिथंच थांबला. खाडीकडचा कोपरा वीतभर खाली गेला होता. जोत्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत भेग पडली होती, इतकी रुंद की त्यात हात जावा.

त्यानं हात घातला. आत गार लागलं.

पाण्याचा दिवस होता. बायका हंडे घेऊन जमू लागल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला सोसेना. ठमाबाईही आली. तिनं भेगेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हंडा रांगेत ठेवून नुसती बसली. ती "मी सांगितलं होतं" म्हणाली असती तर कदाचित तो उलटून बोलला असता आणि राहिला असता. केरू खोलीवर गेला, थापी, करणी, ओळंबा पिशवीत भरला, पेण स्टेशनापर्यंत टमटम पकडली आणि रोह्याच्या गाडीत बसला. शर्वरीला त्यानं कळवलं नाही.

*

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, "मामंजी, काम आटोपलं?" तो "व्हय" म्हणाला. हिरामण शिफ्टवरून आला, बापाच्या तोंडाकडे बघून काही विचारायचं नाही हे त्याला कळलं. तो नुसता म्हणाला, "वालाला शेंगा धरल्यात. बघून ये."

केरू चार दिवस शेतात जाऊन बसत राहिला. वालाचे वेल गुडघ्यापर्यंत आले होते. त्याला भिंत फुटल्याचं एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं ते बायकांचं. त्यांनी उन्हात बसण्याची जागा मागितली होती आणि त्यानं त्यांना एक भेगाळलेला ढिगारा देऊन आता तोंड लपवलं होतं. विमलबाई असती तर म्हणाली असती, जा परत. पण ती नव्हती, आणि स्वतःहून परत जायला पाय उचलत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी बांधावरून दोघी येताना दिसल्या. पुढे शर्वरी. मागे, डोक्यावर पदर, हातात चपला घेतलेली ठमाबाई.

केरू उठून उभा राहिला. "चपला का काढल्या?" एवढंच त्यानं विचारलं.

"शेतातनं चालताना कोन चपला घालतं," ठमाबाई म्हणाली. तिनं आजूबाजूला बघितलं. "बरी हाय जमीन. कोरडी."

शर्वरी बांधावर टेकली. तिचेही डोळे जागरणानं ओढल्यासारखे होते. "काका, चूक माझी आहे. मी माती तपासून घ्यायला हवी होती. कागदावर मी खारशेत गाव काढलं, पण जमीन मात्र रोह्याची धरली."

"मला सांगितलं होतं," केरू म्हणाला. "हिनं सांगितलं होतं. मी हसलो."

ठमाबाई खाली बसली. बोलायच्या आधी तिनं वालाची एक शेंग तोडली, सोलली, दाणा तोंडात टाकला. "गवंडी, आमचा बांध दर चार-पाच वर्सांनी फुटतो. माज्या लग्नाच्या वर्साला फुटला, पोरगा झाला त्या वर्साला फुटला. फुटला का आमी घरी जात नाय. फुटला का समदी बांधावर येतात. म्हातारी येतात, अंगावर पिणारं पोर घेऊन बाया येतात. तुमी एकटं घरी आलाव. ही रीत नाय."

केरूनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "येऊन करू काय पन? तिथं दगड राहत नाय."

"दगड नाय राहत. माती राहते. बांध कसा राहतो?" ती म्हणाली. "चिखलाचा थर, पेंढ्याचा थर, परत चिखलाचा. एक थर सुकला का दुसरा. रुंद घालायचा, उंच नाय. तो बी बसतो थोडा, पन समदा मिळून बसतो. मिठागराचं तळ आमी पायांनी तुडवून असं करायचो का त्यावर मीठ पांढरं निगायचं, मातीचा कण लागायचा नाय. तसाच ओटा घालू."

"पावसात कडा वाहून जातील," केरू म्हणाला, आणि बोलता बोलता त्याची नजर शेताच्या वरच्या अंगाला गेली. तिथं त्याच्या बापानं घातलेला दगडाचा बांध होता. ठमाबाईनं त्याच्या नजरेमागे नजर नेली आणि उठून त्या बांधाकडे गेली. दगडांच्या फटीत बोट घालून बघितलं.

"याला सिमेंट नाय?"

"नाय. चुना बी नाय. नुसते एकमेकांत बसवलेत. पाणी मधनं निघून जातं. जमीन हलली का दगड थोडे सरकतात, परत बसतात." तो थांबला. "माज्या बापाला येत होतं. मला बी येतं. कोण सांगत नाय म्हणून करत नाय."

शर्वरीनं पिशवीतून वही काढली होती. ती कधी ठमाबाईकडे बघत होती, कधी केरूकडे. "मातीचा रुंद ओटा," ती हळूच म्हणाली, "आणि भोवती सुक्या रचाईचा दगड. वर स्लॅब नको. लाकडाचे खांब, हलकं छप्पर. म्हणजे बसलं तरी सगळं एकत्र बसेल."

"मंजूर नकाशात स्लॅब हाय ना?" केरूनं विचारलं.

"आहे. ते मी बघते."

सुनेनं चहा केला. ठमाबाईनं बशीत ओतून प्यायला. निघताना सुनेनं तिच्या पदरात वालाच्या शेंगा घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं केरू पुन्हा पेणला निघाला.

*

आता काम उलटं झालं. आधी केरू बांधत होता आणि गाव बघत होतं. आता गाव बांधत होतं आणि केरू शिकत होता. फुटलेलं जोतं त्यानं स्वतःच्या हातानं उतरवलं, दगड एका बाजूला रचून ठेवले. खाडीलगतच्या खाजणातून चिखल आला. बायकांनी रांग धरली आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जाऊ लागले. कोणाच्या हातात गोळा थांबला की मागची ओरडायची नाही, नुसती वाट बघायची. पेंढा केरूनं आपल्या घरून टेम्पोत घालून आणला.

प्रत्येक थर आठवडाभर सुकायचा. केरूला ही सवय नव्हती. तो सकाळ-संध्याकाळ जाऊन माती दाबून बघायचा.

"इतकी घाई कसली?" ठमाबाई विचारायची.

"घाई नाय. बघतोय."

"बगून सुकत नाय ती."

मग तो तिच्या दाराशी बसायचा. ती मासळी निवडायची, तो पहारीला धार लावायचा किंवा उगाच दोरी वळायचा. जनूबद्दल ती सांगायची: मिठागरावर तो बायांच्या हाताखाली पोती धरायचा, मुकादम असून. लोक हसायचे. केरूनं विमलबाईबद्दल सांगितलं: शेवटच्या महिन्यात तिला बसवत नव्हतं, म्हणून त्यानं अंगणात दगडाला पाठ देऊन एक उतरतं बसणं केलं होतं. त्यात ती नीट टेकायची. ती गेल्यावर त्यानं ते मोडलं नाही, पण तिथं कोणी बसतही नव्हतं.

ठमाबाईनं मासळी बाजूला ठेवली. म्हणाली, "ओट्याला एका अंगाला तसं करा. आमच्यात हौसा हाय ना, तिची कंबर गेलीय. तिला सरळ बसवत नाय."

केरूनं ते केलं. खाडीकडच्या अंगाला दगड असे कलते बसवले की पाठ आपोआप टेकावी. हौसाबाईला सगुणेनं धरून आणलं आणि बसवून बघितलं. ती डोळे मिटून टेकली. बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "थोडं उजवीकडं द्या." केरूनं दोन दगड काढून पुन्हा बसवले.

शेवटच्या थरानंतर तळ तुडवायचं काम आलं. सोळा बायका साड्या वर खोचून ओट्यावर चढल्या, एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळीनं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी मिळून पाय टाकायला सुरुवात केली. टाच, चवडा, टाच, चवडा. मिठागरं बंद पडल्यापासून असा पाय कोणी टाकला नव्हता, पण पायांना तो आठवत होता. सगुणेच्या वयाच्या बायांना तो येत नव्हता. सासवांनी त्यांना मधे घेतलं. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माती अशी झाली की तळहात फिरवला तर निसटावा.

केरू काठावर उभा राहून बघत होता. ठमाबाई घामानं निथळत खाली उतरली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत काळे झाले होते. केरूनं बादलीतलं पाणी तिच्या पायांवर ओतलं. पाणी दोन दिवसांआड येणाऱ्या गावात ते पाणी त्याच्या वाट्याचं होतं हे तिला ठाऊक होतं. तिनं पाय धुऊ दिले.

*

चैत्रात कलानिधीची दोन माणसं काम बघायला आली. एक चष्मेवाले साहेब आणि एक पिकल्या केसांच्या बाई. साहेबांच्या हातात मंजूर नकाशा होता. त्यांनी तो उलगडला, ओट्याकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं.

"स्लॅब कुठे आहे?"

शर्वरीनं सांगायला सुरुवात केली. माती, उधाण, भेग, सगळं. फुटलेल्या जोत्याचे फोटोही तिनं दाखवले. लपवलं काही नाही. साहेब ऐकत होते, पण त्यांचं बोट नकाशावरच होतं. "मंजूर एक आणि बांधलं दुसरं, असं झालं तर पुढचा हप्ता अडकतो, मॅडम. मी वाईटपणानं म्हणत नाही."

तोवर बरोबरच्या बाई चपला काढून ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. त्यांनी तळावरून हात फिरवला. "हे कशानं केलंय?"

"पायांनी," ठमाबाई म्हणाली.

"पॉलिश?"

"नाय. पायांनी."

बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारत राहिल्या: किती थर, पेंढा कुठला, किती दिवस सुकवलं. ठमाबाई सांगत गेली. केरूनं तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यात पाण्याचा वेळ झाला. बायका हंडे घेऊन आल्या आणि पाहुण्यांची तमा न करता आपापल्या जागी बसल्या, हौसाबाई आपल्या कलत्या दगडाला टेकली. तासभर पाणी आलं नाही. साहेब आधी उभे होते, मग काठावर टेकले, मग मांडी घालून बसले. कोणीतरी त्यांना चहा दिला.

पाणी आलं, हंडे भरले, बायका गेल्या. साहेब उठून कपडे झटकू लागले आणि झटकायला काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "बदलाचा खुलासा सविस्तर लिहा," ते शर्वरीला म्हणाले. "मी शिफारस करतो. वेळ लागेल."

मग त्यांनी एक फॉर्म काढला. "इथे कलाकाराचं नाव लागतं. तुमचं लिहू?"

"माझं आराखड्यात आहे," शर्वरी म्हणाली. "केरूकाका, तुमचं?"

सगळे केरूकडे बघू लागले. आयुष्यात त्याचं नाव कुठल्या भिंतीवर लागलं नव्हतं. सावकाराच्या विहिरीवर सावकाराचं नाव होतं. त्याला ते हवं नव्हतं असं नाही.

"दगड माजे हायेत," तो म्हणाला. "पन ओटा तिचा. ठमाबाई जनू पाटील लिवा."

ठमाबाईनं पदर ओढून घेतला. "नको. एकटीचं कसं? तळ सोळाजणींनी तुडवलाय."

"कॉलम एकाच नावाचा आहे," साहेब म्हणाले.

"मग कागदाच्या पाठीमागं लिवा," ठमाबाई म्हणाली.

पिकल्या केसांच्या बाई हसल्या. त्यांनी साहेबांच्या हातून फॉर्म घेतला, नावाच्या जागी 'ठमाबाई जनू पाटील व इतर, यादी जोडली आहे' असं लिहिलं आणि कोरा कागद शर्वरीला दिला. शर्वरी घरोघर जाऊन नावं लिहून आली. हौसाबाईनं तुडवलं नव्हतं, तिचंही लिहिलं, कारण विचारलं तर ठमाबाई म्हणाली, "तिनं जागा बरोबर सांगितली."

यादी वाचून दाखवली तेव्हा ठमाबाईनं आपलं नाव कुठे आहे ते विचारलं. शर्वरीनं बोट ठेवलं. ठमाबाई त्या अक्षरांकडे बघत राहिली, मग केरूला म्हणाली, "तुमचं कुठं हाय?"

त्याचं नव्हतं. तो काही बोलायच्या आत तिनं कागद शर्वरीपुढे सरकवला. "सतरा बाया झाल्या. अठरावा हा गडी लिवा."

*

पैशाचा हप्ता यायला वैशाख उजाडला, पण छप्पर त्याआधीच चढलं. खांबांचं लाकूड काळुरामनी आपल्या जुन्या गोठ्यातलं दिलं. कमानीचा राग त्यांनी मनात ठेवला नव्हता, की ठेवला असला तर तो ओट्यावर बसून विरला होता. संध्याकाळी तेच तिथे सगळ्यात आधी येऊन बसत.

काम संपलं. केरूनं हत्यारं भरली. हिरामणला सुट्टी होती, तो बापाला न्यायला मोटरसायकलवरून आला. खारशेत त्यानं पहिल्यांदाच बघितलं. ओट्यावर फिरला, दगडाच्या रचाईवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. "हे आपल्या आज्याच्या बांधासारखं हाय," तो म्हणाला.

"त्याच्याकडूनच घेतलंय," केरू म्हणाला.

ठमाबाईनं दोघांना जेवायला वाढलं. हिरामणनं हात धुतला, मोटरसायकलपाशी गेला, आणि बाप मागे येत नाही हे बघून परत वळला. केरू दाराशीच बसला होता. पिशवी शेजारी होती.

"बाबा, निघायचं ना?"

केरूनं ठमाबाईकडे बघितलं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि भांडी घासायची थांबली होती.

"पलीकडच्या गावात बी ओटा पायजे म्हणतायत," केरू म्हणाला. "शर्वरी अर्ज करणार हाय. आणि इथं या पावसात दगड कसे बसतात ते कोणीतरी बघायला नको?" तो थांबला. आपण मुलाशी आडून बोलतो आहोत हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. "तसं नाय, हिरामण. मला इथं राहायचंय. हिच्या सोबतीनं. तुला पटत नसलं तर सांग, मी ऐकून घेईन. पन सांगतोय खरं."

हिरामण उभाच राहिला. धाटावच्या शिफ्टमध्ये त्याचे आठ तास जायचे, येण्याजाण्यात दोन. बाकीच्या वेळात त्यानं सहा वर्षं बापाला अंगणात एकटं बसलेलं बघितलं होतं. त्याला आईचं उतरतं बसणं आठवलं असेल की काय, कोण जाणे. त्यानं मोटरसायकलची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"लोकं बोलतील," तो म्हणाला.

"बोलतील," ठमाबाई चुलीपासून म्हणाली. "माज्या सुनेला मी आधीच सांगितलंय. ती म्हनते, आत्ये, बोलू दे. शिफ्टवर जायच्या आधी चहा कोन करतं ते लोकं सांगायला येत नाय."

हिरामण हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. तो आत येऊन उंबऱ्यावर बसला. "भात लावायला तरी येशील?"

"येईन. दोघं येऊ. हिला चिखलातलं माज्यापेक्षा जास्त कळतं."

"अन् महिन्यातनं एकदा घरी येत जा. नातवंडं इचारतात."

"येईन की."

बाहेर नळापाशी हंड्यांचे आवाज येऊ लागले होते. हिरामणनं जायला उठताना ठमाबाईकडे बघितलं. चाळिशीच्या जवळ आलेला तो माणूस, लहान मुलासारखा अडखळला.

"मी तुमाला काय म्हणू?"

ठमाबाईनं हात पदराला पुसले. तिनं त्यावर थोडा विचार केला. "मावशी म्हन," ती म्हणाली. "आईची जागा आईची हाय."

"बरं, मावशी," हिरामण म्हणाला आणि बापाची पिशवी उचलून त्यानं ती आत, भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली.